मोरितासानचं मत

मी मूळची वाईची, लग्न होऊन पुण्यात आले आणि यांना कंपनीने इकडे पाठवलं म्हणून इथे जपानात, फुनाबोरीत, मुलगी इथेच जन्मली, मी मराठीत रागावले तरी ती उत्तर जपानीतच देते. घरी बसून जीव रमेना म्हणून म्हाताऱ्या माणसांना मदतीचं काम धरलं, अंघोळ घालायची, जेवू घालायचं, बाहेर न्यायचं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, स्वतःच्या सासूला कधी पाणी दिलं नाहीस, तिकडे परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालतेस होय. मी म्हटलं, त्या निदान थँक्यू म्हणतात. मग बरेच दिवस फोन नाही.

मोरितासान, म्हणजे आपल्याकडे म्हणतो तशा मोरिताबाई, माझ्या सगळ्यात लाडक्या. नव्वदीच्या पुढच्या, दिसत नाही, ऐकू कमी, जीभ मात्र शाबूत. मी केस विंचरायला लागले की म्हणतात, माझ्या लेकीचा हात इतका हलका नव्हता.

तर यंदा इथे पार्लमेंटची निवडणूक होती. स्टेशनसमोर एक उमेदवार रोज गाडीवर उभा राहून सांगायचा, परदेशी लोक फार झाले, त्यांना कायमचं राहू देऊ नका. आणि आमचा नेमका कायमच्या व्हिसाचा अर्ज गेलेला. हे म्हणायचे, अगं, भाषणं सगळीकडे अशीच असतात. असतील, पण मी त्या बाजूने जायचंच सोडलं, लांबून वळसा घालायची.

मतदानाच्या दिवशी मोरितासान म्हणाल्या, मला ने. शाळेत केंद्र होतं, मी व्हीलचेअर ढकलत नेली. इथे कागदावर उमेदवाराचं नाव स्वतः लिहायचं असतं, ज्याला जमत नाही त्याच्यासाठी तिथला माणूस लिहितो. मला त्याने बाजूला थांबवलं, ते बरोबरच. तो वाकून हळू विचारत होता, आणि मोरितासानना स्वतःला ऐकू येत नाही ना, त्या मोठ्याने नाव बोलल्या. त्याच उमेदवाराचं. सगळ्या हॉलने ऐकलं. तो माणूस माझ्याकडे बघून इतका ओशाळला, काय सांगू तुला, मीच त्याला मान लववली.

परत येताना त्या खुशीत होत्या. दारापाशी धीर केला, कानाशी वाकले, म्हटलं, मोरितासान, आम्हाला इथून जायला लागलं तर?

त्या हसल्या. तू कशाला जाशील? तू का परदेशी आहेस? ते दुसरे लोक.

मनापासून म्हणाल्या गं, हेच तर. खोटं बोलल्या असत्या तर मला रागावता आलं असतं.

तो निवडून आला. आमच्या अर्जाचं उत्तर अजून नाही. मी जातेच त्यांच्याकडे, त्यांना दुसरं कोण आहे, देव त्यांना शंभरी दाखवो. पुढच्या निवडणुकीला मात्र न्यायचं नाही असं ठरवलंय. ठरवलंय खरं, पण त्या ‘मला ने’ म्हणाल्या की बूट घालायला मीच वाकणार.