सगळ्यांचे छत्तीस

मकरंद आठवतो ना, कॉलेज रोडला कॉम्प्युटर क्लास चालवायचा तो? सीडीचा जमाना होता. पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर त्याने अर्धवटच लिहिलं आणि वधू-वर मेळाव्यात सीड्या वाटून मोकळा झाला. गुण मोजायचा भाग व्हायचाच होता, म्हणून तात्पुरतं कुणाचंही नाव टाका, छत्तीसपैकी छत्तीस.

मी म्हटलं, "अरे, आधी पूर्ण तरी कर."

"लोक वापरतील, चुका कळवतील, मग सुधारू. वर 'चाचणी आवृत्ती' लिहिलंय की!"

कुणीच काही कळवलं नाही. छत्तीस गुण जुळल्याची तक्रार कोण करतो?

पुढच्या लग्नसराईत त्याच्याच बहिणीला देवळ्याचं स्थळ आलं. मुलाकडचं सगळं घर आलं होतं, मीही होतो. मुलाच्या वडिलांनी खिशातून प्रिंट काढली. "छत्तीस जुळले. आता गुरुजींना दाखवायची काय गरज हाय?"

मकरंदचा चेहरा पडला. पण प्रश्न बहिणीचा होता.

"काका, ते सॉफ्टवेअर माझंच आहे. अजून कच्चं आहे. ते सगळ्यांचे छत्तीसच दाखवतं."

काकांचा पोह्यांचा चमचा हातातच राहिला. "सगळ्यांचे? आवो, मग आमच्या थोरल्याचं लगीन त्याच्यावरच जमवलं, त्याचं काय?"

थोरल्याने मान खाली घातली. त्याची आई आणि बायको सतरंजीच्या दोन टोकांना तोंडं फिरवून बसल्या होत्या; दोघी एकदमच म्हणाल्या,

"तरीच!"