मधली रंभा

...आणि वर पुन्हा मलाच विचारतात, 'सर, नक्की ना?' आता नक्की म्हणजे काय सांगू तुम्हाला! अहो, ही गोष्ट गणपतीच्या आधी झाली की नंतर, हेच मला धड आठवत नाही. आधी म्हणावं तर आमच्या नौपाड्याच्या कोपऱ्यावर तेव्हा फ्लेक्सला जागा शिल्लक कशी होती? नंतर म्हणावं तर... जाऊ दे. हिला, म्हणजे आमच्या चित्राला विचारलं, तर ही म्हणते, 'अहो, तुम्हाला काल काय जेवलात ते आठवत नाही.' आठवतं! पडवळ. किंवा दोडका. चूकभूल द्यावी घ्यावी!

तुम्हाला सांगतो, मी संख्याशास्त्राचा माणूस. कल्याणच्या कॉलेजात उभा जन्म शिकवलं. डॉक्टरेट आहे माझी, 'अपुऱ्या माहितीवरून काढलेली अनुमानं' या विषयावर. हसू नका! डॉक्टरेटचा एक मोठा फायदा असतो. साधा माणूस चुकल्यावर त्याला कळतं की आपण चुकलो. मला ते चुकण्याच्या आधीच कळतं. आणि तरी मी चुकतोच, पण निदान धक्का बसत नाही.

तर आमच्या शेजारी राहतात रंभाताई मयेकर. नटी. आता 'नटी' म्हटल्यावर तुम्ही जे डोळ्यांपुढे आणलंत ना, ते काढून टाका. सत्तरी ओलांडलेली बाई, ठेंगणी, चष्मा, हातात कायम भाजीची पिशवी. आयुष्यभर नाटकांत शेजारीण, सिनेमात लग्नाच्या गर्दीत मागून तिसरी, आणि एका मालिकेत तर काय, सासू! ही बढती वाटली ना? अहो, ती सासू आधीच वारलेली. रंभाताई वर्षभर भिंतीवर हार घालून होत्या. फोटोत! आणि तरी सांगतो, त्या फोटोत अभिनय होता. सून दूध उतू घालवायची तेव्हा तो फोटो नापसंती दाखवायचा. मला तरी तसं वाटायचं. चूकभूल द्यावी घ्यावी.

एकदा जिन्यात पिशवी खाली ठेवून धापा टाकत म्हणाल्या, 'सर, एवढी वर्षं काम केलं हो. एकदा तरी कुणीतरी पडद्याकडे बोट दाखवून म्हणावं, ही बघा रंभा. बास. मग डोळे मिटले तरी चालतील.' मी शब्द दिला. म्हटलं, 'रंभाताई, तुम्ही कुठेही असा, कशाही असा, मी तुम्हाला ओळखीन.' बोलून गेलो आणि रात्रभर झोप नाही. कारण मी आमच्या जावयाला स्टेशनवर ओळखत नाही!

आणि मग बातमी आली. 'नववं आकाश'मध्ये रंभाताईंना काम मिळालं! ती अंतराळाची मालिका हो, जिच्यापायी अख्खं ठाणं वेडं झालं होतं. आमचा भाजीवाला कोथिंबीर देताना ग्रहवासीयांसारखा कपाळाला कोपर लावायचा. त्या मालिकेत! आणि भूमिका? ब्रह्मांडाच्या ज्येष्ठा! कुठला ग्रह जगवायचा, कुठला बुडवायचा, ते ठरवणारी ज्येष्ठा! मला इतका आनंद झाला की मी चहात दोनदा साखर घातली. म्हटलं, बघा, सगळ्या जगाने जिला भिंतीवर टांगलं, तिच्या हातात कुणीतरी ब्रह्मांड दिलं! कुणीतरी तिकडे शहाणा माणूस बसलाय.

ज्येष्ठेचा पहिला भाग बघायला सगळी सोसायटी खालच्या हॉलमध्ये जमली. आमचे सेक्रेटरी साईनाथ, त्यांनी पडदा लावला, खुर्च्या मांडल्या, बटाटेवडे. रंभाताई स्वतः शूटिंगला गेलेल्या. आणि आली ज्येष्ठा... अहो, आल्या! तीन! तीन ज्येष्ठा! एका ओळीत दगडी आसनांवर बसलेल्या, हळदीकुंकवाला बसतात तशा. आणि तिघींच्या तोंडावर एकसारखे रबरी मुखवटे! हिरवेगार! चार-चार डोळे! नाकाच्या जागी भेंडीसारखं काहीतरी! आवाज म्हणाल तर तिघींना मिळून एकच, तोही कुण्या घोगऱ्या पुरुषाचा!

मग साईनाथ म्हणाले, 'आपली कुठली?'

कुणी म्हणे डावी, तिचे खांदे बघा. कुणी म्हणे उजवी, ती बसताना 'आई गं' म्हणाल्यासारखी बसली. चित्रा म्हणाली, 'तिघींपैकी एकही नसेल, आपल्या रंभाताई मागच्या गर्दीत असतील नेहमीसारख्या.' आणि इतक्यात नायक गुडघ्यावर बसून विचारतो, 'माते, पृथ्वीला जगू द्याल?' आणि मधलीने हात वर केला. तो तसाच हवेत राहिला. बोटं जरा थरथरली. आणि मग, कसं सांगू तुम्हाला, तो हात 'असू दे, असू दे' म्हणत हळूहळू गुडघ्यावर आला. माझ्या डोळ्यांत पाणी! अहो, हा हात मी रोज सकाळी बघतो! दूधवाला विचारतो, 'मावशी, अर्धा की एक?' तेव्हा रंभाताईंचा हात अगदी अस्साच वर जातो, अस्साच थांबतो आणि अस्साच खाली येतो. अख्खी पृथ्वी त्या बाईने अर्ध्या लिटरसारखी वाचवली! मी उभा राहिलो आणि पडद्याकडे बोट दाखवून ओरडलो, 'ही बघा रंभा! मधली!'

ओरडलो आणि लगेच मनात, चूकभूल द्यावी घ्यावी, चूकभूल द्यावी घ्यावी... पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. साईनाथ म्हणाले, 'सर म्हणतायत म्हणजे फायनल. सरांची पीएचडी आहे यात.'

यात?!

दुसऱ्या दिवशी सोसायटीने ठरवलं, सत्कार. शाल, श्रीफळ आणि कोपऱ्यावर फ्लेक्स. आता आमच्याकडे फ्लेक्सशिवाय माणूस जन्माला आला हेसुद्धा कुणी धरत नाही. पण फोटो कुठला लावायचा? मी म्हटलं, चष्म्यातला साधा लावा. तर साईनाथ म्हणतात, 'सर, तो कोण ओळखणार? लोकांनी मालिकेतला चेहरा बघितलाय.' झालं! मला घेऊन गेले रत्नदीपच्या दुकानात. हा रत्नदीप फ्लेक्स छापतो. कॉम्प्युटरवर तिन्ही हिरव्या बाया शेजारी शेजारी.

'सर, लवकर बोला, मशीन खाली बसलंय. मला तर तिन्ही सेमच दिसतात.'

मी म्हटलं, 'मधली. पण हे बघ, याच्यात तीनात दोन शक्यता चुकीच्या—'

'मधली. ओके. थोडी गोरी करू?'

'गोरी? अरे, हिरवी आहे ती!'

'फेंट हिरवी करतो ना सर. सगळेच करून घेतात. आणि हे वरचे दोन डोळे उडवू का? उगाच वयस्कर वाटतं.'

'अरे नको! जशी आहे तशी ठेव!'

'तुमची मर्जी. नंतर बोलू नका, रत्नदीपने बिघडवली.'

मी मिनतवारीने विचारलं, खाली बारीक अक्षरात 'चूकभूल द्यावी घ्यावी' टाकता येईल का? तो म्हणाला, 'सर, वाढदिवसाच्या, श्रद्धांजलीच्या, सगळ्या ऑर्डरी घेतल्यात, हे कुणी टाकलेलं नाय.'

आणि लागला फ्लेक्स! पंधरा फुटी! मधोमध चार डोळ्यांची हिरवी बाई, भेंडी पुढे आलेली, आणि वर मजकूर: 'आमच्या लाडक्या रंभाताई मयेकर यांची ब्रह्मांडाच्या ज्येष्ठापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली साईनाथ, काळा गॉगल, कानाला मोबाइल. येणारे-जाणारे थांबून वाचायचे. एकाने मला विचारलं, 'काका, कुठल्या वॉर्डातून आल्या?' एक आजीबाई चप्पल काढून नमस्कार करून गेल्या. रिक्षावाले तर दोन दिवसांत सराईत झाले. 'कुठे सोडू? रंभेच्या अलीकडे की पलीकडे?' आणि मी? मी घरात. खिडकीतून तो फ्लेक्स दिसायचा. चारही डोळे माझ्याकडे! आणि प्रत्येक डोळ्यात एकच प्रश्न, 'सर, नक्की ना?'

मला भीती कसली, सांगतो. चुकण्याची नव्हे, त्याची सवय आहे. पण त्या बाईला जन्मात एकदा फ्लेक्स मिळाला, आणि तो जर भलत्याच बाईचा निघाला तर? आपल्या नावाखाली दुसरीचं तोंड! यापेक्षा भिंतीवरचा हार बरा, तिथे निदान चेहरा तरी स्वतःचा होता.

सत्काराच्या दिवशी रंभाताई रिक्षातून उतरल्या. मी पुढे. फ्लेक्सखाली येऊन थांबल्या. मान वर केली. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. बघतायत... बघतायत... माझा रक्तदाब! शेवटी म्हणाल्या, 'मधली का हो?'

मी म्हटलं, 'म... मधली. म्हणजे, हातावरून. नाही का?'

तर त्या इतक्या गोड हसल्या! पदर सारखा केला आणि त्या हिरव्या तोंडाखाली उभ्या राहून म्हणाल्या, 'काढा फोटो.' बस. हो नाही, नाही नाही! आता याचा अर्थ काय लावायचा? मी जिन्यात गाठलं. 'रंभाताई, खरं सांगा, मी बरोबर होतो ना?' तर ओठांवर बोट. 'सांगायची बंदी आहे हो सर. मालिका चालू आहे तोवर कोण कुठली ते बोलायचं नाही, सही घेतलीय.'

आणि मालिका संपेना! अहो, एक पर्व, दुसरं पर्व, ग्रह बुडतायत, पुन्हा वर येतायत! डोंबिवलीच्या नाट्यमंडळाने बोलावलं, वक्ता मी, विषय 'मधल्या ज्येष्ठेचा अभिनय'! तासभर बोललो. तो हात, ती थरथर, गुडघ्यावर टेकताना जीवसृष्टीबद्दलची ती करुणा... लोक रडले. रंभाताई पहिल्या रांगेत, मान डोलावतायत. आणि मी प्रत्येक वाक्यानंतर मनात म्हणतोय, उजवी असेल तर? डावी असेल तर? चित्रा घरी आल्यावर म्हणाली, 'माझ्याबद्दल कधी बोललात का एवढं?' म्हटलं, 'अगं, तू एकटीच आहेस. तीन असतीस तर अभ्यास केला असता.' त्यावर दोन दिवस घरात मौन होतं. का तीन? चूकभूल द्यावी घ्यावी.

शेवटी परवा, म्हणजे या सगळ्याला वर्षं लोटल्यावर, संपली एकदाची ती मालिका. ब्रह्मांडाचा निकाल लागला. मी त्याच संध्याकाळी शेजारची बेल वाजवली. रंभाताई मटार सोलत होत्या. म्हटलं, 'आता बंदी उठली. आता सांगा. मधली तुम्हीच ना?'

रंभाताईंनी मटार बाजूला ठेवले. म्हणाल्या, 'सर, तो हात माझाच बरं का. दिग्दर्शकांना आवडला, म्हणून त्या दोघींनाही शिकवायला लावला.'

'त्या दोघींनाही?'

'हो ना. मग तिघीही तसाच करायचो, ठेवायचे त्यातला एक. आणि मुखवट्यांचं काय व्हायचं, घामाने भिजायचे हो. सकाळी जो वाळलेला असेल तो चढवायचा आणि धरून नेऊन बसवतील त्या दगडावर बसायचं. आत दिसत काही नव्हतं. आज डावीकडे, उद्या उजवीकडे, कुणाला पत्ता!'

'म्हणजे त्या दिवशी... हात वर केला तेव्हा... तुम्ही कुठल्या होतात?'

'तेच तर मलाही कळत नव्हतं! तीनदा बघितला तो भाग, छे! आणि विचारणार कुणाला? लोक म्हणतील, बाईला स्वतःचं काम ओळखता येत नाही. म्हणून बंदी आहे म्हणायचे. मग तुमचा फ्लेक्स बघितला आणि जीव भांड्यात पडला. तेव्हापासून सगळ्यांना छातीठोकपणे सांगते, मी मधली. फक्त तुम्ही जिन्यात विचारलंत, म्हटलं परीक्षाच घेताय, म्हणून तेवढी तुम्हाला बंदी सांगितली.' आणि माझ्या हातावर मूठभर मटार ठेवून म्हणाल्या, 'एवढा शिकलेला माणूस पंधरा फुटांवर छापतोय, म्हटलं, चौकशी करूनच छापलं असेल!'