चिकाचा वास

—थांब, थांब! पिंजऱ्याकडे जाऊ नकोस. भाकरी ठेव इथे ओट्यावर, मी देते बाळूला नंतर. आणि नवशी, तो शर्ट काढ आधी अंगावरचा. लुगड्यावर घातलायस तो, हो, तोच. काढ आणि तिकडे नळापाशी टाक, लांब. का म्हणजे काय, घामाचा वास येतोय. मला नाही गं येत— बरं, काढ म्हटलं की काढायचा, प्रत्येक गोष्टीला का कशाला? हं. आता बस. खुर्चीवर बस ना, जमिनीवर काय बसतेस. नाही? बस बाई तिथेच, तुझंच खरं.

चहा ठेवू? नको? तू माझ्याकडच्या चहाला नको म्हणालीस म्हणजे कमालच झाली. हात कसा आहे चिमीचा? गंजाडला मामाकडे पाठवलंस ते बरं केलंस, इथे राहिली असती तर येणाऱ्याजाणाऱ्याने विचारून विचारून भंडावलं असतं पोरीला. बोटं हलतात का? दोन नाही हलत— बरं, हलतील, डॉक्टर म्हणाले ना वेळ लागतो. टाके ओले आहेत अजून. इंजेक्शनं सगळी घ्यायची हं, एकसुद्धा चुकवायचं नाही, पांड्याला सांग, बाप आहेस ना, नुसता बसून राहू नकोस म्हणावं, घेऊन जा पोरीला. मी गाडी पाठवेन. तलासरीच्या शिवणक्लासचं काय म्हणाले? जागा ठेवतात ना तिची? कात्री धरता येईपर्यंत थांबा म्हणावं. मी बोलते त्यांच्याशी, माझ्या ओळखीतलं आहे कोणीतरी. असेलच.

तुला बोलावलं कशाला ते सांगते. आज चार वाजता सभा आहे, माहितीये ना? सगळं मसोली गाव येणार, डहाणूतनं पण येणार लोक. ठराव मांडतायत की रॉटवायलर, पिटबुल, असल्या जातीची कुत्री इथे कुणी पाळायची नाहीत. आहेत ती हलवायची. तेवीस जातींची यादी काय ती दिल्लीहून आली होती मागे, कोर्टकचेऱ्या झाल्या त्याच्यावर, पण इथल्या लोकांनी तेच धरून ठेवलंय. मी उभी राहिले ना त्याच्या विरोधात! ही पुष्पाताई पुढे, बाकी सगळे मागे. शितलचा पिटबुल बघितलायस तू, तिच्या सासूच्या पायाशी झोपतो, म्हातारी त्याला गोधडी पांघरते— तो धोकादायक? घरोघर फिरले मी, नवशी. या उन्हात. बॅनर केलाय मोठा— ‘कुत्रा जातीने वाईट नसतो, त्याला वाईट करतो मालक’. माझं वाक्य आहे ते. मीच सुचवलं. जातीवरून कुणाला गुन्हेगार ठरवायचं, हे शोभतं का माणसांना, तूच सांग. आणि आता ऐन सभेच्या तोंडावर हे चिमीचं झालं. कळलं ना बाहेर, की बाळूने चावलं, तर संपलंच. बाळू गेला, शितलचा गेला, सगळ्यांचेच गेले.

काय? मोठ्याने बोल, अशी पुटपुटू नकोस.

हां, ते. तेच तर. मला पण तेच कळत नाही. चिमीलाच का चावला— अगं गरम होतं किती त्या दिवशी. मुकं जनावर आहे, डोकं फिरतं कधी कधी. हो, माहितीये मला, तिच्याच हातची भाकरी खाऊन मोठा झालाय तो. माझ्या तुषारने मुंबईहून हा रॉटवायलर आणला तेव्हा एवढासा होता, चिमीच्या ओढणीत झोपायचा, बाळू नावपण तिनेच ठेवलं, मला तर काहीतरी रुबाबदार ठेवायचं होतं. आणि कधी कुणाला चावला का गं याआधी? पाहुणे येतात, पोस्टमन येतो, गॅसवाला येतो. त्या दिवशीच बघ ना, शेजारची पोरं बोलावली होती फोटोसाठी, ग्रुपवर टाकायला, लोकांना दिसावं कसा गरीब आहे तो. पोरांनी गळ्यात झेंडूची माळ घातली, कान ओढले, एक तर पाठीवरच बसलं. हूं केलं नाही त्याने. मीच सोडला होता पिंजऱ्यातून, फोटोसाठी. एरवी चिकूचे तोडणीवाले वाडीत असताना मी त्याला सोडते का? कधीच नाही. अंधार पडला, तुम्ही सगळे पाड्यावर गेलात, की मगच सोडते.

का म्हणजे? तशी पद्धत आहे म्हणून. तोडणीवाल्यांच्या वेळेला कुत्रा सोडू नये. सगळेच नाही सोडत.

नाही. बरोबर आहे तुझं. चावरं कुत्रं असलं तर सोडत नाहीत, बाळूने कुठे काय केलं होतं. बरोबर आहे. अगं पण तू अशी खोदून खोदून— चिमी घरातलं करते नेहमी, भांडी, लादी. त्या दिवशी माणसं कमी पडली, लग्नं होती ना पाड्यावर, म्हणून मीच म्हटलं जा गं तू पण तोडायला. आणि तुम्ही बायका तोडायला जाताना घरच्या पुरुषाचा शर्ट चढवता वरनं, तसा तिने पांड्याचा चढवला. मी कुठे बघितलं ते! मी फोटो काढत होते. टोपली घेऊन आली ती झाडांतनं, पोरं बघितली, माळ बघितली त्याच्या गळ्यात, हसली. बाळू, अरे नवरदेवा, म्हणाली. टोपली खाली ठेवली नि दोन्ही हात पुढे केले तिने. तो धावतच गेला, शेपूट हलवत गेला नवशी, खोटं नाही सांगत. आणि मग जवळ गेल्यावर त्याला शर्टाचा वास आला.

त्या शर्टाचा. वास.

हे बघ, रडू नको बाई, मग मलाही रडू येतं. शर्टाचा म्हणजे चिकाचा. चिकू तोडला की देठातनं चीक गळतो, तो तुमच्या शर्टावर गळून गळून वाळतो, कपडा कडक होतो पुठ्ठ्यासारखा, कितीही धुवा जात नाही— तुला मी काय सांगणार. तो वास. मागच्या वर्षी चोरी झाली ना वाडीत, पाठीमागची रांगच्या रांग झोडपून नेली, कच्ची फळंसुद्धा ठेवली नाहीत, तेव्हा तुषार म्हणाला, आई, नुसता कुत्रा ठेवून काय उपयोग, त्याला शिकव. वापीहून माणूस बोलावला शिकवायला. तो म्हणाला, किससे बचाना है, उसका कपडा दो. आता चोराचा कपडा मी कुठून आणू? मी विचार केला, चिकूचोराला ओळखायचं कशावरून, तर चिकावरून. चिकू चोरणार म्हणजे चीक लागणारच अंगाला. इतकी हुशार मी! स्वतःवरच खूश झाले होते. शेडमध्ये दोरीवर तुमचे शर्ट असतात, त्यातला एक काढला.

पांड्याचाच. निळ्या रेघांचा. तू शोधत होतीस आठवडाभर, पोरांना धपाटे घातलेस त्याच्यापायी, आणि मी इथे, याच ओट्यावर उभी राहून म्हटलं, वाऱ्याने गेला असेल गं.

पेंढा भरला त्याच्यात, फांदीला टांगला. बाळूला पहिल्यांदा कळेचना. शेपूट हलवत जायचा, हुंगायचा, परत यायचा, त्याला तो ओळखीचाच वास ना! चाटायचा शर्टाला. मग त्या माणसाने त्याला उपाशी ठेवला. शर्ट फाडला की खायला, नाही फाडला की नाही. केविलवाणा बघायचा माझ्याकडे. मी आत निघून जायचे. पण बंद करा म्हटलं नाही मी, नवशी. आणि मग ज्या दिवशी त्याने फाडला, चिंध्या चिंध्या केल्या, त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. शाबास रे माझ्या वाघा म्हटलं.

चिमीलासुद्धा त्याने— त्याने एकदाच धरलं गं. ती किंचाळली नाही, बाळू म्हणाली फक्त. त्या आवाजाने सोडलं त्याने लगेच. आणि मग असा जमिनीला पोट लावून सरपटत माझ्याकडे आला आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला. खाऊ मागत होता. शिकवलेलं केलं होतं ना त्याने.

नको असं बघूस. चोर म्हणजे तुम्ही नव्हे, मी कधी तसं— नाही, आता खोटं कशाला. आला होता मनात. पाठीमागची रांग कुठनं उघडी आहे ते बाहेरच्याला कसं कळणार, आपल्यातलंच कोणीतरी असणार, असं आलं होतं मनात. तुझं नाव नव्हतं आलं. पांड्याचं आलं होतं. एकदाच. चोर नंतर सापडले, तिसरीकडचेच निघाले, टेम्पोसकट. मी पांड्याला दिवाळीला नवीन शर्ट घेतला ना, आठवतं? तू म्हणालीस, बाई मनाने मोठी. त्या दिवशी मी जेवणाचं ताट तसंच सारलं. खरंच सांगते.

झोपच नाही मला हे झाल्यापासनं. बॅनर उघडते नि परत गुंडाळून ठेवते. आज सभेत उभं राहून मी हे असंच्या असं सांगितलं ना, शर्टाचं, पेंढ्याचं, तर एक माणूस ठरावाला हात वर करणार नाही. बघा, कुत्र्यात काही नव्हतं, मी घातलं. शितलचा वाचेल, सगळ्यांचे वाचतील. कदाचित बाळूपण. फक्त मी उरणार नाही. या डहाणूत तोंड कुठे दाखवू मी? बायका मला हळदीकुंकवाला पहिला मान देतात गं. आणि तुषार, तो काय म्हणेल? म्हणून म्हटलं— म्हणजे बघ, माझी काही जबरदस्ती नाही— तू फक्त चिमीची आई म्हणून उभी राहायचं आणि सांगायचं, भटका कुत्रा होता. दवाखान्यात मी तेच सांगितलंय. तेवढंच. भटका होता, चावला, पळाला. तुझं कुणी खोटं मानणार नाही.

हो म्हणतेस? एवढ्यात? अगं जरा विचार तरी कर. चिडत का नाहीस तू? घाल ना चार शिव्या मला. भांडी आपट, काम सोडून जाते म्हण. नुसती बाई सांगाल तसं बोलते, बाई सांगाल तसं बोलते!

कुठला कुत्रा म्हणजे? भटका गं, कुठलाही. रंग? रंग कशाला— हो, विचारतील. बरोबर आहे, विचारणारच. आणि मग कुत्री पकडायची गाडी घेऊन शोधायला निघतील. तांबडा सांग. नको, तांबडा तो रिक्षास्टँडवरचा, सगळ्यांचा लाडका आहे तो, रिक्षावाले भांडायला येतील. काळा नको, काळा म्हटलं की बाळूच आठवेल कुणालातरी. पांढरा—

काय म्हणालीस? भुऱ्या? कोण भुऱ्या? तो फाटकाबाहेर बसलाय तो? रोज पाड्यावरनं तुझ्यामागे चालत येतो तो— अगं तुझा आहे ना तो! तुझ्या उशाशी झोपतो म्हणतेस. वेड लागलं का तुला? घेऊन जातील त्याला. परत नाही आणत, तुला काय वाटलं? काय? ‘दुसऱ्याच्या कुत्र्यावर कशाला घालायचं, आपलं आपण भोगावं’— आपलं? तुझं काय आहे यात, नवशी? तुझं काय आहे?

नको. ऐक माझं. तू काहीच बोलू नकोस. सभेला येऊच नकोस. मी बोलते. काय बोलते ते मी बघते, तू नको— बघ, मी हात जोडते तुझ्यापुढे, त्या कुत्र्याचं नाव काढू नकोस. खरं तेच बोलेन. बोलेन म्हणते ना! चिमीची शपथ— बरं, नाही घालत तिची, माझी घालते.

हॉर्न वाजला. आले वाटतं, बॅनर न्यायला. ऊठ, ऊठ, डोळे पूस. मागनं जा, विहिरीकडच्या वाटेने. अगं चालेल, भाकरी राहू दे. जा लवकर.

—या, या शितल! उघडंच आहे फाटक. बॅनर आतल्या खोलीत आहे, बसा आधी, सरबत करते. डोळे? कांदा चिरत होते. हो, पाठ आहे ना भाषण, पाठ नसायला काय झालं, माझंच तर आहे. कोण? आत्ता गेली ती? वाडीतली बाई आहे, भाकरी द्यायला आली होती. हो, तिच्याच मुलीला. सुधारतेय.

कुठला कुत्रा? हां, तो, फाटकाबाहेर बसलाय तो?

नाही गं. कुणाचा नाही. भटकाच आहे तो.