आईचा स्कोअर शून्य

आईचा स्कोअर शून्य दिसला आणि मी खुर्चीतून ताडकन उठलेच. हसू नका, आधी ऐका. लढाया आणि लांबलचक गोष्टीचा एक रोलप्लेइंग गेम आम्ही मायलेकींनी मिळून संपवला होता. त्यातल्या संगीतावर ठेका धरायचा वेगळा गेम निघाला, त्याचा आता दुसरा भाग आलाय. आई सिल्व्हर पार्कच्या घरी टॅबवर खेळते, मला ऑफिसात मोबाइलवर स्कोअर दिसतो. विहारातल्या कार्यक्रमांत ढोलकी वाजवणारी बाई, तिचा ठेका कधी चुकत नाही. आणि त्या दुपारी अख्ख्या गाण्यात एकही ठोका नाही! त्यात बीपीची गोळी चालू, घरात एकटी.

फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, तेच. शेवटी घराशेजारच्या आंटींना फोन करून म्हटलं, "आंटी, प्लीज मम्मी को देखो ना!"

त्या म्हणाल्या, "बेटा, बेल बजाई मैंने. अंदर म्यूझिक चालू है, पर दरवाजा नहीं खोल रही."

मी घरी जायला धावत निघाले. ऑफिसच्या लिफ्टची वाट बघत जमिनीवरच बसून परत फोन लावला, तेव्हा कुठे तिने उचलला.

"आई! काय झालं तुला?"

"मला काय व्हायचंय? आपला म्हातारा वैद्य मरतो ना गोष्टीत, तेव्हाचं गाणं लागलं. माणूस गेलाय आणि मी त्यावर ठेका धरू? मग गाणं पुन्हा लावलं आणि श्रद्धांजलीला शांत उभी राहिले, मध्येच बेल-फोन कशी बघणार? तू बसलीयेस की काय? ऊठ आधी!"