पेशीतली वाघूर

अठ्ठ्याहत्तर साली सोलापूरच्या स्टँडवर मागच्या बाकावर एक धनगर बाप आणि त्याची कॉलेजातली लेक पुण्याच्या गाडीची वाट बघत बसली होती. तिथं पुढल्या शिक्षणासाठी तिची मुलाखत होती.

"मुलाखतीत काय इच्यारतील, सांग की."

"पेशीच्या केंद्रकाला दोन पडदे असत्यात, आबा. आतल्या पडद्याला लागून प्रथिनांची जाळी असती. तिच्यामुळं केंद्रकाचा आकार टिकतो."

"मेंढरं कोंडायला आपुन भवती जाळ्याची वाघूर लावतो, तशी?"

"तशीच की."

"मग ती उपटायची कवा?"

"आँ?"

"एकाच रानात वाघूर किती दिस ठिवायची? मेंढरं पुढं जायाची न्हाईत व्हय?"

"एका पेशीच्या दोन व्हताना जाळी सुटती, आबा. मग दोन्हीकडं पुन्यांदा बसती."

"नक्की?"

"लई नक्की."

"मग तुज्या आईला हेच सांगतो. घर सोडलं की पोर सुटली, म्हनून रडत बसलीया."