गुलाबी मलम

सासूबाई: नाही म्हणजे नाही. आधी सांग, मगच तोंड उघडीन.

सून: आई, मघापासून खुर्चीत बसलाय. तोंड उघडत नाही म्हणता आणि गप्पही बसत नाही.

सासूबाई: दाढ माझी, ठणका माझा. मग तिच्यात काय भरणार ते मला कळायला नको? ताईनं काय पाठवलंय बघ मोबाइलवर. रूट कॅनाल केलेली दाढ म्हणजे तोंडात ठेवलेलं मढं म्हणे. त्याचं विष अंगभर भिनतं. आधी हृदय, मग गुडघे.

सून: मावशींचे गुडघे कधीपासून दुखतात?

सासूबाई: लग्नाच्या आधीपासून.

सून: आणि त्यांनी रूट कॅनाल कधी केलं?

सासूबाई: तिला दातच कुठेयत! कवळी आहे सगळी.

सून: मग?

सासूबाई: मग काय मग? ती चुकत असेल. म्हणून तू बरोबर आहेस असं थोडंच आहे? सांग, मी ऐकते. पण लहान मुलीला सांगतात तसं गोड गोड नको.

सून: बरं. दाढेच्या पोटात नस असते, ती कुजलीय. सकाळी जिन्यात तुमची रोजची शिट्टी ऐकू आली नाही, तेव्हाच म्हटलं, काहीतरी बिनसलंय. विष म्हणाल तर ते आत्ता आहे, मुळाशी पू धरलाय. मी ती घाण काढणार, आतून धुणार आणि पोकळी बंद करणार. मावशींनी पाठवलीय ती भीती शंभरएक वर्षांपूर्वीची आहे. नंतरच्या लोकांनी नीट तपासून पाहिली, टिकली नाही.

सासूबाई: धुणार कशानं?

सून: ब्लीचनं.

सासूबाई: फरशी पुसतो त्या?

सून: त्याच कुळातलं. जंतू मरतात त्यानं. घशात किंवा हिरडीत गेलं तर भाजतं, खोटं कशाला बोलू? म्हणून हा रबराचा पडदा. दाढ तेवढी पडद्यातून वर काढायची, बाकी तोंड झाकलेलं.

सासूबाई: ह्यांनी इथे एवढ्या दाढा भरल्या, कधी कुणाला पडदा लावलेला पाहिला नाही मी.

सून: नाही लावायचे बाबा.

सासूबाई: आणि भरणार काय?

सून: गटापर्चा. झाडाचा चीक असतो, रबरासारखा. त्याच्या या बारीक काड्या. फटी बुजवायला थोडं सिमेंट. पूर्वीपासून वापरात आहे, शरीर सहसा कुरकुर करत नाही.

सासूबाई: सहसा?

सून: एखाद्याला रबर सोसत नाही. फुग्यांनी, हातमोज्यांनी अंगावर पित्त उठतं का, ते तुम्हाला मघाशी म्हणूनच विचारलं. आणि हेही सांगते, सगळ्याच दाढा टिकत नाहीत. काही पुन्हा दुखतात, पुन्हा उघडाव्या लागतात. एखादी काढावीही लागते. पण अंगभर विष वगैरे काही नाही.

सासूबाई: हे आवडलं मला. ताईच्या बोलण्यात कधी 'पण' नसतो. टोच आता.

सून: जरा चिमटा बसेल. खुर्ची घट्ट धरा. झालं, झालं. संपलं.

सासूबाई: मेले! सुई होती की खिळा? बरं, एक राहिलंच. ह्यांचं ते गुलाबी मलम. त्याचं नाव नाही घेतलंस.

सून: ते... बाबा आले बघा.

सासरे: चढली का भूल? चला, मलम तयार आहे. काचेवर ताजं घोटून आणलंय. हात थरथरतो म्हणून, नाहीतर ही दाढ मीच भरली असती.

सून: बाबा, अजून दाढ उघडलीही नाही.

सासरे: मग उघड. मी इथेच उभा आहे. रोज तुझ्या हातात देऊन बाहेर जातो, आज नाही जायचा. बायको आहे माझी.

सून: मग आजच सांगते. हे मी भरणार नाही.

सासरे: काय म्हणालीस?

सून: आईंच्या दाढेत हे मलम मी भरणार नाही.

सासरे: या दवाखान्यात दाढेत शेवटी भरतात ते हेच. बाहेरची पाटी बघितलीस ना? नाव माझं आहे त्यावर.

सून: पाटी तुमचीच आहे. पण हात माझा आहे ना?

सासरे: अगं, ऐकलंस का हिचं बोलणं?

सासूबाई: ऐकतेय. माझे कान नाही बधीर केले तिनं.

सासरे: मग इतके दिवस भरत होतीस तेव्हा कुठे गेला होता हा ताठा?

सून: नव्हते भरत.

सासरे: म्हणजे?

सून: तुम्ही बाहेर गेलात की टाकून द्यायचे. या दवाखान्यात आल्यापासून एकाही दाढेत ते भरलेलं नाही.

सासरे: टाकून? कुठे टाकून?

सासूबाई: केराच्या डब्यात. वरचा कागद नेहमी गुलाबी असायचा. मला वाटलं, तुम्हालाही दिसत असेल.

सासरे: तुला माहीत होतं! म्हणजे रोज सकाळी मी इथे बसून घोटत होतो आणि तुम्ही दोघी माझी गंमत बघत होतात!

सून: गंमत नव्हती बाबा. तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता. आज होतोय, कारण खुर्चीत आई आहेत. खरं तर त्याआधीच व्हायला हवा होता.

सासरे: त्यात वाईट काय आहे ते तरी कळू दे. माझे पेशंट अजून त्याच दाढांनी चावतायत. एका बैठकीत काम, दुखणं बंद. सगळ्या गल्लीला विचार.

सून: दुखणं बंद होतं, कारण त्यात फॉर्मालिनचा प्रकार आहे. जे जिवंत आहे ते मारतं. दाढेच्या आत राहिलं तर ठीक. मुळाच्या टोकातून बाहेर गेलं की तिथेही मारतं. हा आईंचा एक्स-रे बघा. हे मुळाचं टोक आणि ही त्याखालून ओठाकडे जाणारी नस. मध्ये जागा किती आहे? तुम्हीच सांगा.

सासरे: मी कधी बाहेर जाऊ दिलं नाही. हात होता माझा. लोक नाव घ्यायचे.

सून: बेकरीवाल्या काकू.

सासरे: त्यांचं काय?

सून: चहा पिताना त्यांच्या ओठावरून ओघळतो. त्यांना कळत नाही. रुमाल सारखा हातात धरून असतात.

सासरे: बधीरपणा जाईल म्हणून सांगितलं होतं मी त्यांना.

सून: नाही गेला.

सासरे: मला कधी बोलल्या नाहीत.

सून: मला बोलल्या. आणि वर म्हणाल्या, डॉक्टरांच्या कानावर घालू नकोस, जिवाला लावून घेतील.

सासूबाई: अहो, बसा. ते स्टूल घ्या.

सासरे: मला बसायचं नाही! एका बाईवरून माझं सगळं आयुष्य निकालात काढते ही!

सून: ती एक आपल्याला माहीत झाली. बाकीच्या आपल्याकडे परत आल्याच नसतील.

सासरे: हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही, हट्टाला पेटलीय. तू सांग. खुर्चीत तू आहेस. तुझा माझ्यावर भरवसा आहे की नाही, तेवढं सांग.

सासूबाई: थांबा जरा. मला एक करून बघू दे. फू... फू... छे!

सासरे: हे काय चाललंय?

सासूबाई: शिट्टी. येत नाहीये. ओठ जागेवर आहे की गेला तेच समजत नाही. नुसतं वारं निघतंय.

सून: इंजेक्शनचं आहे आई. संध्याकाळपर्यंत उतरेल.

सासूबाई: इंजेक्शनचं उतरेल. मलमाचं?

सून: ते बाबांना विचारा.

सासूबाई: अहो, मलमाचं उतरतं का?

सासरे: त्या शिट्टीपायी माझ्या आईनं तुझ्याशी बोलणं टाकलं होतं, आठवतंय ना?

सासूबाई: न आठवायला काय झालं? घरंदाज बायका शिट्ट्या मारत नाहीत, म्हणाल्या. मी म्हटलं, मी मारते. पुढे तुम्ही डोक्याला हात लावून बसायला लागलात. तरी मारली. स्वयंपाक करताना मारली, भांडून रुसले तेव्हाही मारली. तुमच्या आईला बंद करता आली नाही, तुम्हाला नाही आली, आणि आता काचेवरच्या त्या गोळ्यानं बंद करून घेऊ? मी विचारलंय त्याचं उत्तर द्या.

सासरे: सगळ्यांना नाही होत तसं.

सासूबाई: मला झालं तर?

सासरे: झालं तर... कधीकधी नाही उतरत.

सासूबाई: मग घ्या ते मागे. भरवसा तुमच्यावर आहे, मलमावर नाही. आणि सूनबाई, तू फार फुशारू नकोस. काम झालं की एक्स-रे काढायचा आणि मला दाखवायचा. कुठवर भरलंस ते माझ्या डोळ्यांनी बघणार मी.

सून: दाखवते.

सासूबाई: आणि ह्यांना चालणार नसेल तर आपण दोघी दुसऱ्या दवाखान्यात जाऊ. असंच वाकडं तोंड घेऊन भर रस्त्यानं जाईन मी. कुणी विचारलं तर सांगेन, दातांच्या डॉक्टरांची बायको आहे.

सासरे: कुठे जायचं नाही. आणि ऐका, मी चुकलो असं म्हटलेलं नाही मी.

सासूबाई: नका म्हणू. तो पडदा द्या तिला.

सासरे: कुठाय?

सून: तुमच्या डाव्या हाताला. त्याआधी ती काच खाली ठेवावी लागेल बाबा.

सासरे: ठेवली. हा धरायचा कसा?

सून: कोपरे ताणून. आणखी जरा. हं, असा. आई, आता आ करा.

सासूबाई: आता करते.

(संध्याकाळ. दवाखान्यात सासरे आणि सून.)

सासरे: तो एक्स-रे दे पुन्हा. टोकाच्या जरा अलीकडे थांबलीस.

सून: हो. आईंनी पण हेच विचारलं, अलीकडे का थांबलीस म्हणून. समजावून सांगितलं तेव्हा सोडलं मला.

सासरे: भरलंयस बरं. म्हणजे, वाईट नाही.

सून: काच धुऊन ठेवू?

सासरे: काच मी धुईन, माझी आहे. मलमाच्या औषधाची ती बाटली कुठे टाकायची ते तू बघ. केरात नको. औषधांसारखी नीट गेली पाहिजे.

सून: बघते.

सासरे: बेकरीवाल्या बाईंना फोन केला होता मी. उद्या येतायत.

सून: काय सांगणार त्यांना?

सासरे: सांगायचं काय? आधी त्या काय म्हणतात ते ऐकतो. त्यांना म्हटलं, मला वाईट वाटेल याची काळजी तुम्ही करायची नाही... ते काय ऐकू येतंय?

सून: वरून येतंय. जिन्यातून.

सासरे: आला वाटतं ओठ जागेवर.

सून: सूर अजून जरा हलतोय. दार लावू का? तुमचं डोकं उठतं ना.

सासरे: राहू दे उघडं.