जाहिरातीपुरतं बोलणं

अवधूत : आई, चार दिवस झाले, टीव्ही बंदच आहे. रिमोटच्या बॅटऱ्या संपल्या का?

कस्तुरी : बॅटऱ्या चांगल्या आहेत. बघण्यासारखं काही नाही.

अवधूत : म्हणजे काय? केबल काढून एवढा सेटअप करून दिला तुला. तीन ॲप आहेत त्याच्यावर. जगातलं सगळं दिसतं.

कस्तुरी : जगातलं दिसतं रे. मला निपाणीतलं पाहिजे होतं.

अवधूत : तुझी सिरियल आहे की त्यात. रेवतीची. मीच शोधून दिली होती.

कस्तुरी : आहे की. पण तुझ्या ॲपवर ती सकाळीच येते, टीव्हीच्या आधी. त्यानंच घात केला. मंगळवारी जेवण झाल्यावर सुम्ने, नुसतीच बसले होते, बघून टाकली. रेवतीचा मेलेला नवरा परत आला. संध्याकाळी सातला तुझ्या तानूमावशीचा निपाणीहून फोन आला, रोजच्यासारखा. उचलल्या उचलल्या मी म्हटलं, तानू, नवरा जिवंत आहे गं. तिच्या टीव्हीवर अजून त्याच्या फोटोला हार.

अवधूत : स्पॉयलर दिलास तू मावशीला.

कस्तुरी : काय दिलं ते मला माहीत नाही. आणि हसू नकोस. तिनं फोन ठेवून दिला. म्हणाली, तुला आधी दिसतंय तर तुझं तू बघ. त्या दिवसापासून फोन नाही.

अवधूत : बरं, नाही हसत. पण सोपं आहे, तूही सातलाच बघ. मावशीचा टीव्ही चालू झाला की इकडं प्ले कर.

कस्तुरी : बघितलं तसं करून, पहिल्याच आठवड्यात. जाहिराती कुठं आहेत त्याच्यात?

अवधूत : जाहिराती नकोत म्हणून तर तो प्लॅन घेतला.

कस्तुरी : आम्ही जाहिरातीतच बोलायचो, अवधूत. मालिका चालू असली की दोघींच्या कानाला फोन, पण तोंडातून शब्द नाही. जाहिरात लागली की ती सुरू, मी सुरू. सासू कशी वागली, रेवतीनं साडी काय नेसली. मालिका लागली की परत गप्प. दोन वर्षं हेच चाललंय.

अवधूत : आणि मला वाटायचं, तू तासभर गप्पा मारतेस. मग ॲपवर लाइव्ह चॅनेल लावू. त्यात जाहिराती असतात.

कस्तुरी : तेही झालं. शिवलीलानं लावून दिलं होतं. तुझी बायको तुझ्यापेक्षा हुशार आहे. पण ते पाऊण मिनिट मागं चालतं. तानू तिकडं हसायची आणि मी इकडं वाट बघत बसायची, ही कशाला हसली म्हणून. मला हसू येईपर्यंत तिचं पुढचं निघालेलं.

अवधूत : मग टेरेसवर डिशची छत्री बसवू. फ्रीवाली.

कस्तुरी : मंजुनाथला विचारलं मी, आपल्या केबलवाल्याला. त्या छत्रीवर हे चॅनेल येत नाही म्हणाला. आणि आलं असतं तरी काय, तुमच्या असोसिएशनला छत्री चालत नाही. बिल्डिंगचा शो जातो म्हणे.

अवधूत : मंजुनाथ कुठं भेटला तुला?

कस्तुरी : लिफ्टमध्ये. केबल परत लावतोस का म्हटलं. म्हणाला, वायर काढून नेलीय अम्मा, स्वल्प वेळ लागेल, सोमवारी येतो. सरी, चालेल म्हटलं. तुला सांगणारच होते.

अवधूत : म्हणजे मला न विचारता ठरवून मोकळी झालीस.

कस्तुरी : तू काढताना मला विचारलं होतंस?

अवधूत : नाही विचारलं. चुकलं माझं. मला वाटलं, कोण बघतं आता केबल. सोमवारी लावून घेऊ. पण आज शनिवार आहे. दोन दिवस कशाला थांबायचं? आजच कर की मावशीला फोन.

कस्तुरी : करून काय बोलू?

अवधूत : बहीण आहे तुझी. काहीही बोल.

कस्तुरी : तुला काय सांगू आता. तुझी आजी जाऊन सहा वर्षं झाली. पहिली चार वर्षं आम्ही बोललोच नाही. मग तिच्या नातवाच्या बारशाचं सांगायला तिनं फोन केला, कोरडा, दोन वाक्यांचा. मागं रेवतीचा आवाज येत होता. मी म्हटलं, तूही बघतेस होय हे? तेवढंच मिळालं आम्हाला. तेच धरून बसलो.

अवधूत : आजीवरून काहीतरी झालं होतं एवढंच माहीत आहे मला. तू कधी नीट सांगितलं नाहीस.

कस्तुरी : आपण इथंच बेंगळुरात, शिवाजीनगरला राहत होतो तेव्हा. आईला उपचाराला इथं आणलं. डॉक्टर म्हणाले, आता हिला हलवू नका. तानू म्हणाली, आईला तिच्या घरी आणून सोड, मी बेंगळुरात पाय ठेवणार नाही. मी पाठवलं नाही, ती आली नाही. आई इथंच गेली. तानूला वाटतं, मी आईला अडवून ठेवलं.

अवधूत : आणि तुला काय वाटतं?

कस्तुरी : मला वाटतं, एकदा यायला काय झालं होतं हिला. हे दोन्ही बोलायचं नाही म्हणून रेवती, कळलं? आता रेवती पण गेली तर तानू गेलीच माझी. मी सत्तरीची, ती सहासष्टची. आणखी चार वर्षं रुसवा काढायला वेळ कुठं आहे? भीती वाटते रे मला.

अवधूत : सात वाजत आलेत. दे तो फोन. मी लावतो.

कस्तुरी : अरे, थांब जरा. काय म्हणू ते तरी ठरवू दे.

(फोन लागतो. अवधूत तो आईच्या हातात देतो आणि स्वयंपाकघरात निघून जातो.)

तानूबाई : कोण?

कस्तुरी : मी गं. अक्का.

तानूबाई : बोल.

कस्तुरी : मंगळवारी चुकलं माझं. तोंडात काही राहत नाही माझ्या.

तानूबाई : ते ल्हानपणापासनंच हाय.

कस्तुरी : सात वाजले. तुझी मालिका लागली असेल, बघ तू. माझ्याकडं सोमवारपर्यंत काही दिसायचं नाही. मी नुसता कानाला लावून बसते.

तानूबाई : लावली न्हाई मी.

कस्तुरी : का गं?

तानूबाई : नवरा जित्ता हाय म्हणून सांगितलंस की. आता काय बघायचं ऱ्हायलंय त्यात?

कस्तुरी : रागावलीस अजून.

तानूबाई : रागावले हुते. मग दुसऱ्या दिवशी सात वाजले. टीव्हीम्होरं बसले, हातात फोन. तुला लावायचा न्हाई म्हणून ठरवलेलं. जाहिरात लागली आणि कुणाला काय सांगावं कळंना. रडले बघ, अक्का. सून म्हणाली, मालिकेपायी रडतासा व्हय.

कस्तुरी : माझं पण तसंच झालं गं. टीव्ही लावलाच नाही मी.

तानूबाई : अक्का, आज मधी मालिका न्हाई. एक विचारू?

कस्तुरी : विचार की.

तानूबाई : आई शेवटाला माझं नाव काढत हुती का?

कस्तुरी : काढायची. दिवेलागणीला रोज. तानी आली का म्हणून विचारायची.

तानूबाई : मग तू काय सांगायचीस?

कस्तुरी : सांगायची, निपाणीची गाडी चुकली तिची. उद्या येतेय.

तानूबाई : रोज?

कस्तुरी : एकोणीस दिवस.

तानूबाई : आणि तिला खरं वाटायचं?

कस्तुरी : वाटायचं. म्हणायची, लांबनं येतेय पोर, भुकेली असंल. तुझ्यासाठी दोन भाकऱ्या झाकून ठेव म्हणायची.

तानूबाई : ठेवायचीस तू?

कस्तुरी : ठेवायची की, तानू. रोज ताज्या.